विष्णुक्रांत खुरपणीतून वाचवायचं तर

विष्णुक्रांत म्हणजे जमिनीलगत पसरणारं, निळ्या फुलांचं छोटं रोप. त्याची अडचण एकच: फुलं नसताना ते तणासारखं दिसतं आणि खुरप्याखाली जातं. माझं दोनदा गेलं, एकदा तर माझ्याच हातून. आता असं करते:

१. फुटक्या कुंडीचा तळ पूर्ण काढून तिचं कडं जमिनीत पुरायचं, काठ दोन बोटं वर ठेवायचा. हद्द दिसली की कुणाचा हात आत जात नाही. आत माती आणि तेवढीच भरड वाळू. खत नको, नुसता पाला माजतो.

२. बी बारीक पण कवचाचं कठीण. पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांत हलकं चोळून, रात्रभर भिजवून वरवर पेरायचं.

३. रोपं बोटभर झाली की भोवती बारीक खडी पसरायची.

४. काठाबाहेर लोळणाऱ्या फांद्या कात्रीने छाटायच्या.

जागा भर उन्हातली हवी. बटणाएवढी निळी फुलं दुपारपर्यंत मिटतात, म्हणून सकाळी येता-जाता दिसतील अशीच लावा.

फक्त माळावरून रोप उपटून आणू नका. मूळ लाकडासारखं आणि खोल गेलेलं असतं, ते तुटतं आणि रोप जगत नाही. वाळलेल्या बोंडांतलं थोडं बी घ्या.