लेगोच्या स्वतंत्र रचना पाहाव्यात कशा

लेगोचे, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे, प्रदर्शन भरले की बहुतेक माणसे सर्वांत मोठ्या रचनेपुढे थांबतात, "किती तुकडे लागले?" असे विचारतात, एक फोटो काढतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. यात गैर काही नाही. परंतु ज्याने त्या रचनेसाठी महिनोन्महिने रात्री जागवल्या त्याच्या पदरात अशा कौतुकातून फारसे काही पडत नाही, आणि पाहणाऱ्याच्याही नाही. चाहते अशा रचनेला ‘मॉक’ म्हणतात. ‘माय ओन क्रिएशन’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले आहे. संचासोबत आलेल्या पुस्तिकेबरहुकूम जोडलेली गाडी कितीही देखणी असली तरी ती मॉक ठरत नाही, कारण तिच्यातले सगळे निर्णय कंपनीच्या आरेखकांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात. मॉकमधले निर्णय जोडणाऱ्याचे स्वतःचे असतात आणि कौतुक करायचे ते त्यांचे. असा निर्णय रचनेत नेमका कुठे दडला आहे हे शोधायला थोडी सवय लागते. ती कशी लावावी, ते पुढे सांगितले आहे.

सुरुवात दुरून करावी. सात-आठ फुटांवर उभे राहून डोळे किंचित किलकिले केले की तपशील पुसले जातात आणि फक्त बाह्याकार उरतो. या अंतरावरून देवळाचे शिखर शिखरासारखे आणि इंजिन इंजिनासारखे वाटत नसेल, तर जवळच्या कलाकुसरीने ती उणीव भरून निघत नाही. त्यानंतर प्रमाण पाहावे. लेगोचा छोटा माणूस, म्हणजे मिनिफिगर, १९७८ पासून आजच्या रूपात आहे. त्याची उंची सुमारे ४ सेंटिमीटर असली तरी उंचीच्या मानाने तो फार रुंद आहे. त्यामुळे घर त्याच्या उंचीला मापून बांधले तर तो दारात अडकल्यासारखा दिसतो, आणि रुंदीला मापून बांधले तर घर अवाढव्य होते. प्रत्येक रचनाकाराला इथे कुठे तरी तडजोड करावीच लागते; ती जिने, खिडक्या, वाहने आणि झाडे या सर्वांत एकसारखी पाळली आहे का, हे पाहण्यासारखे असते. ज्या रचनांत माणूस बसवायचाच नसतो, त्या सूक्ष्म प्रमाणाच्या रचनांत ठोकळ्यावरच्या एका गोल उंचवट्याएवढ्या जागेत अख्खी खिडकी दाखवावी लागते. माझे वैयक्तिक मत असे की अशा तळहाताएवढ्या रचनेला अधिक बुद्धी लागते, कारण चूक लपवायला तिथे जागाच नसते.

आता जवळ जावे, आणि जाताना थोडे आकडे सोबत घ्यावेत. लेगोच्या ठोकळ्यावरच्या दोन स्टडांमधले, म्हणजे उंचवट्यांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिलिमीटर असते. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ प्लेटची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ठोकळा होतो. २८ जानेवारी १९५८ रोजी या जोडणीच्या पेटंटसाठी अर्ज झाला, आणि त्या काळातला ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, इतकी ही मापे सांभाळली गेली आहेत. आता अडचण अशी की रुंदी आठाच्या पाढ्यात वाढते आणि उंची ३.२ च्या. ठोकळा कुशीवर निजवला की त्याचे माप शेजारच्यांशी जुळत नाही आणि फट राहते. पण पाच प्लेटची जाडी १६ मिलिमीटर भरते, आणि दोन स्टडांची रुंदीही तेवढीच असते. पाच प्लेट बरोबर दोन स्टड, हे समीकरण ज्याच्या डोक्यात पक्के बसले त्याला ठोकळे कोणत्याही दिशेला वळवून बांधता येतात. स्टड वरच्या बाजूला न ठेवता बाजूला किंवा खाली वळवण्याच्या या पद्धतीला चाहत्यांच्या भाषेत ‘स्नॉट’ म्हणतात. ‘स्टड्स नॉट ऑन टॉप’ याचे ते लघुरूप होय.

म्हणून एखादी रचना पाहताना स्टडांची दिशा शोधावी. एखादी भिंत पूर्ण गुळगुळीत असेल, तर तिचा पृष्ठभाग बहुधा कुशीवरच्या प्लेट किंवा टाइल (वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेट) यांचा असतो, आणि आत कुठे तरी दिशा बदलणारा तुकडा असतो: एका बाजूला स्टड असलेला छोटा हेडलाइट ब्रिक, किंवा काटकोनात वळलेला ब्रॅकेट. उभी बांधणी आणि आडवी बांधणी जिथे भेटतात ती रेघ निरखावी. तिथे फट नसेल, तर तिथे कोणी तरी कागदावर हिशेब केला आहे असे खुशाल समजावे. तसेच एखादी खिडकी दोन्ही बाजूंच्या स्टडांशी न जुळता बरोबर अर्ध्या अंतरावर बसलेली दिसली, तर तिच्याखाली जंपर प्लेट असण्याचा संभव असतो. तिच्यावर दोन स्टडांच्या जागी मधोमध एकच स्टड असतो, आणि त्यामुळे सगळे ४ मिलिमीटरने सरकवता येते. तिरक्या भिंती तर आणखी गमतीच्या असतात. बिजागरीने फिरवलेली भिंत दुसऱ्या टोकाला पुन्हा स्टडावर पक्की बसायची असेल, तर शाळेत शिकलेला तीन, चार, पाच बाजूंचा काटकोन त्रिकोण कामी येतो. अशी भिंत नुसती टेकवलेली आहे की दोन्ही टोकांना बसलेली आहे, हे वाकून पाहिल्यावर कळते.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी त्याच्या आजोळचे घर, म्हणजे आमचे कोकणातले घर बांधले. ते घर मी जन्मापासून पाहत असल्याने मला वाटले होते की त्यात पाहण्याजोगे फार नसेल. जांभ्याची भिंत त्याने तांबूस तपकिरी ठोकळ्यांची केली होती, आणि त्यातले मधले मधले ठोकळे मला किडल्यासारखे, भोके पडल्यासारखे दिसत होते. नाक भिंतीला लावल्यावर उलगडा झाला. वर सांगितलेल्या हेडलाइट ब्रिकच्या पाठीला चौकोनी खळगा असतो. एरवी तो लपवतात. याने काही तुकडे पाठ बाहेर करून बसवले होते, तेही ओळीने न बसवता विखरून, त्यामुळे जांभ्याचा सच्छिद्रपणा आपोआप आला होता. दारापुढचे तुळशीवृंदावन जेमतेम तीन तुकड्यांचे होते. मागच्या अंगाला आम्ही दहा वर्षांपूर्वी घातलेले पत्रे मात्र त्याने मुळीच दाखवले नव्हते. घर पत्र्यांआधीचे होते. काय घेतले याइतकेच काय गाळले हेही पाहावे, हे मला त्या दिवशी नीट समजले.

एखाद्या तुकड्याला त्याच्या मूळ कामापासून सोडवून भलत्याच कामाला लावणे, हा या छंदातला सर्वांत लाडका खेळ आहे. चाहते त्याला ‘नाइस पार्ट यूसेज’ म्हणतात. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण कंपनीच्या स्वतःच्या संचात सापडते: २०२१ च्या बोन्साय झाडाच्या संचात फांद्यांवरचा गुलाबी बहर जवळून पाहिला तर त्यात चिमुकले बेडूक निघतात, आणि ते शंभर आहेत. बेडूक आधी दिसला तर युक्ती फसली. आधी बहर दिसला आणि मग बेडूक, तर ती साधली. मॉक पाहताना हाच क्रम लावून पाहावा. एखाद्या दिव्याचा खांब, घोड्याचा लगाम किंवा पाण्याची लाट पाहून "हा तुकडा मुळात कशाचा?" असा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि उत्तर लगेच न मिळाल्यास रचनाकाराला विचारावा. या प्रश्नाने न खुलणारा रचनाकार मी तरी अजून पाहिलेला नाही.

रंगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण आपल्याला वाटते की हवा तो रंग उचलावा आणि लावावा. वास्तविक प्रत्येक तुकडा प्रत्येक रंगात निघत नाही. एखाद्या दुर्मीळ छटेत हवा तो कोनाचा तुकडा कधी बनलेलाच नसतो, आणि मग तो आकार त्या छटेत मिळणाऱ्या दुसऱ्याच तुकड्यांतून घडवावा लागतो. २००४ च्या सुमारास कंपनीने आपल्या करड्या रंगाची छटा बदलून ती थोडी निळसर केली, तेव्हा जुन्या चाहत्यांत मोठी नाराजी पसरली होती. आज मात्र किल्ल्याच्या तटबंदीत दोन्ही करडे मुद्दाम मिसळून पावसापाण्याने विटलेला दगड दाखवणारे लोक आहेत. संगणकावरच्या रचनांची गोष्ट वेगळी. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये एलड्रॉ ही प्रणाली तयार केल्यापासून पडद्यावर ठोकळे रचता येतात, आणि तिथे गुरुत्वाकर्षणाचा किंवा उपलब्ध रंगांचा जाच नसतो. अशी चित्रे कमी प्रतीची असे म्हणता येणार नाही, पण आपण पाहतो आहोत ते हातात धरता येईल का, एवढे विचारून घ्यावे.

तुकड्यांच्या संख्येला भुलू नये. डेन्मार्कमधल्या बिलुंड या लेगोच्या मूळ गावच्या लेगो हाउसमध्ये, जे २०१७ मध्ये उघडले, पंधरा मीटरहून उंच असे एक झाड आहे आणि त्यात ६३,१६,६११ ठोकळे आहेत; ते पाहून मान वर करावी लागते हे खरे. पण आठ स्टडांचे, एकाच रंगाचे, केवळ सहा ठोकळे घेतले तरी ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हेही तितकेच खरे आहे. चाळीस तुकड्यांत ओळखू येणारा हत्ती बसवणारा माणूस या दुसऱ्या आकड्याशी झुंजत असतो. संख्येतही कधी कधी मिश्किलपणा असतो, हे मान्य करायला हवे. लेगो आयडियाज या उपक्रमात चाहत्याच्या कल्पनेला १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते. त्या वाटेने आलेल्या सॅटर्न पाच या रॉकेटच्या २०१७ च्या संचात तुकडे आहेत १९६९, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष.

काही रचनाकार ठोकळे कापत नाहीत, रंगवत नाहीत आणि गोंद तर वर्ज्य मानतात. दुसरीकडे, न्यूयॉर्कमधली वकिली सोडून ठोकळ्यांची शिल्पे करू लागलेले नेथन सवाया आपली शिल्पे चिकटवतात, कारण ती प्रदर्शनासाठी देशोदेशी फिरतात. यांपैकी कोणी चूक आहे असे मला वाटत नाही, पण रचना कशाच्या बळावर उभी आहे हे कळल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये. याच संदर्भात ‘इल्लीगल’ जोडणी हा शब्द कानावर येईल. त्यात कायद्याचा काही संबंध नाही. तुकड्यावर ताण येईल अशा जोडणीला हे नाव आहे. स्टडाचा व्यास ४.८ मिलिमीटर, म्हणून दोन स्टडांमधली फट ३.२ मिलिमीटर, प्लेटची जाडीही तेवढीच. कागदावर उभी प्लेट त्या फटीत बरोबर बसते, पण तसूभरही सैलपणा न राहिल्याने प्लास्टिक कुरकुरते. कंपनीचे आरेखक हे टाळतात. चाहत्याने केले असेल तर नाक मुरडू नये, मात्र त्याचे सर्वांत धाडसी काम बहुधा तिथेच असते, म्हणून तिथे जास्त वेळ थांबावे.

हात मात्र मागे बांधूनच थांबावे. भाच्याचे ते घर मी कौतुकाच्या भरात छपराला धरून उचलले. "मामा, छप्पर नुसतं ठेवलंय!" असे तो ओरडेपर्यंत छप्पर माझ्या हातात आणि पडवी सतरंजीवर होती. आतले माजघर दाखवता यावे म्हणून अनेक रचनाकार छप्पर पक्के बसवतच नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. रचना उचलायची वेळ आलीच तर विचारून, तळाच्या बेसप्लेटखाली दोन्ही हात घालून उचलावी. लहान मूल सोबत असेल तर त्याला आधी सांगून ठेवावे. मुलापेक्षा मोठ्यांचीच खात्री नसते, हा भाग वेगळा.

बोलताना "छान आहे" यावर थांबू नये. एका जागेवर बोट ठेवून, अर्थात न टेकवता, तीच जागा का आवडली ते सांगावे. "किती दिवस लागले?" या प्रश्नाला उत्तर म्हणून एक आकडा मिळतो. "हे कितव्या खेपेला जमले?" असे विचारले तर गोष्ट मिळते. पडवी पुन्हा उभी करून झाल्यावर, ओशाळून का होईना, मी भाच्याला छपराबद्दल हाच प्रश्न विचारला. तो आत जाऊन बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात तीन छपरे होती. पहिले तयार उतरत्या ठोकळ्यांचे, पंचेचाळीस अंशांचे. ते बसवल्यावर आमचे घर चर्चसारखे दिसू लागले होते. दुसऱ्याचा उतार ठीक होता, पण आढ्याशी दोन्ही पाखी मिळत नव्हती आणि मधून उजेड यायचा. तिसरे इतके जड झाले की भिंतीच बाहेर झुकल्या. चौथ्यात त्याने कौलांच्या जागी खाचांच्या ग्रिल टाइल घेतल्या, त्या पातळ प्लेटवर बसवल्या आणि अख्खे पाखे बिजागरीवर कलते केले. त्या दिवशी चहा दोनदा झाला, आणि बोलणे अजून पडवीच्या खांबांपर्यंत आलेच नव्हते.