लॅपटॉपची थर्मल पेस्ट बदलताना

मे महिन्यात ठाण्यात किंवा ऐरोलीत भर दुपारी घरातली हवा ३४-३५ अंशांवर असते. लॅपटॉपचा फॅन हीच हवा आत ओढतो आणि तिच्याच जोरावर प्रोसेसर थंड ठेवायचा असतो. एसीत २४ अंशांच्या खोलीत ८५ वर राहणारं मशीन इथे ९५ ला टेकलं, तर त्यात पेस्टचा काही दोष नाही. थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसरची चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप. तो बदलल्याने दोघांमधली अडलेली वाट तेवढी मोकळी होते. ती खरंच अडली आहे का, हे एकही स्क्रू न काढता कळतं. तिथूनच सुरुवात करा.

तापमान, वॅट वगैरे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडा आणि शेजारी प्रोसेसरवर पूर्ण ताण (लोड) टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालू ठेवा. तापमान कुठवर गेलं यापेक्षा ते कसं चढलं याकडे लक्ष द्या. तीन-चार सेकंदांतच ५० वरून ९५ ला उडी, लोड काढताच तितक्याच झटक्यात खाली, आणि मागून येणारी हवा मात्र जेमतेम कोमट, असं असेल तर उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये पोचतच नाही. हे पेस्टचं दुखणं. तापमान चार-पाच मिनिटं सावकाश चढत जाऊन वर टेकत असेल आणि फॅन ओरडत असूनही हवा कमी येत असेल, तर धूळ साचली आहे. प्रोसेसरच्या आतल्या वेगवेगळ्या कोअरच्या तापमानात १५ अंशांचा फरक दिसला तर हीटसिंक एका बाजूला उचललेला असण्याची शक्यता जास्त. एक सावधगिरी: अलीकडचे प्रोसेसर सुरुवातीचे काही सेकंद मुद्दाम जास्त वीज (वॅट) ओढतात, त्यामुळे नुसती पहिली उडी पाहून निदान करू नका. वॅट खाली आल्यावरही तापमान वरच राहतं का, ते बघा.

पाच आकडे कागदावर लिहून ठेवा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं सर्वाधिक तापमान, शेवटच्या मिनिटातले वॅट, प्रोसेसरचा वेग (क्लॉक स्पीड) गिगाहर्ट्झमध्ये आणि फॅनचे आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). हा कागद पुढे लागणार आहे.

महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कमधून घरी आणलेला ऑफिसचा लॅपटॉप असेल तर इथेच थांबा आणि तो कंपनीच्या आयटी विभागाकडे द्या. स्वतःचा लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी अटी वाचा.

आधी धूळ

घोडबंदर रोडवरची मेट्रोची कामं, सगळीकडे चाललेली बांधकामं, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक यांची बारीक धूळ, त्यात घरातल्या फोडणीचा धूर आणि उदबत्ती. या मिश्रणाचा चिकट नमद्यासारखा थर फॅन आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधोमध बसतो. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट होतो. फॅन हीटसिंकपासून वेगळा करून (मशीन कसं उघडायचं ते पुढे आहे) तो थर चिमट्याने अख्खा उचलायचा आणि मग मऊ ब्रश फिरवायचा. हवा मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. पावसाळ्यात कॅनमधली दाबाची हवा वापरणं टाळा. ती इतकी गार असते की दमट हवेतलं पाणी लगेच बोर्डवर धरतं.

बऱ्याच मशीनचं काम इथेच संपतं. तरीही हीटसिंक एकदा उचलला की जुनी पेस्ट तशीच ठेवून तो परत बसवायचा नाही. थर तुटलेला असतो, मध्ये हवा अडकते, आणि हवेइतका वाईट उष्णतावाहक शोधून सापडायचा नाही.

कोणती पेस्ट

लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं. सिलिकॉनची उघडी चिप थेट तांब्याला टेकते. मशीन दिवसातून अनेकदा तापतं-निवतं, चिप आणि तांबं वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि या आवळ-सोडीत पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. म्हणून डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं टिकणारी आर्क्टिक एमएक्स-४ सारखी पेस्ट तापट गेमिंग लॅपटॉपमध्ये काही महिन्यांत मधोमध विरळ झालेली दिसते. लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट घ्या. लावायला जड जाते, पण जागेवर राहते.

त्याहून चांगला पर्याय म्हणजे हनीवेलची पीटीएम ७९५० शीट, म्हणजे पेस्टऐवजी लावायची पातळ चकती. साधारण ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होऊन चिपवर पसरते आणि निवली की पुन्हा घट्ट होते, त्यामुळे कडेला वाहून जात नाही. आपल्या उन्हाळ्यात तिची एक अडचण होते: ३५ अंशांच्या खोलीत शीट आधीच लिबलिबीत होते आणि वरच्या संरक्षक फिल्मला चिकटून फाटते. दहा-पंधरा मिनिटं बंद पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवीवरचं दव पुसा, चिपच्या मापाने कापा आणि लगेच लावा. दोन्ही बाजूंची फिल्म निघाली का, ते उजेडात धरून तपासा. एका बाजूची फिल्म राहून गेली तर सगळी मेहनत वाया जाते.

लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावल्या जाणाऱ्या द्रव धातूच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं आणि थेंब बोर्डवर गेला तर शॉर्ट होतो. हीटसिंक उचलल्यावर आरशासारखा चमकणारा द्रव दिसला तर तो कारखान्यातूनच आलेला आहे. तिथे हाताने पुसापुशी न करता मशीन जाणत्या कारागिराकडे न्या.

बाकी सामान मोजकं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड किंवा कॉफी फिल्टर, पीएच० आणि पीएच०० मापाचे फिलिप्स (चौफुली) स्क्रूड्रायव्हर, काही मॉडेलना टॉर्क्स टी५, जुनं एटीएम कार्ड, चिमटा. सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अल्कोहोलऐवजी चालत नाही. पहिल्यात ग्लिसरीन असतं, दुसरं प्लास्टिक खराब करतं.

उघडणं आणि पुसणं

पाच मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा. चार्जर काढा. खालचे स्क्रू काढा. एक-दोन रबरी पायांखाली लपलेले असतात. कव्हर अडलं तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिला आहे असं समजा. कार्ड कडेने फिरवत क्लिपा सोडवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो थेट बोर्डात किंवा कीबोर्डात घुसतो. मिसळणाच्या रिकाम्या डब्यातल्या वाट्या स्क्रू वेगळे ठेवायला उत्तम, सोबत मोबाइलवर एक फोटो.

सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. त्यानंतर फॅनची वायर काढा. कनेक्टरच्या कडांना धरून काढायची, वायर ओढायची नाही.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने जा आणि प्रत्येक स्क्रू एका वेळी अर्धा आटाच सोडा. चिप काचेसारखी ठिसूळ असते. एकच स्क्रू पूर्ण मोकळा केला तर सगळा दाब समोरच्या कोपऱ्यावर येतो आणि टवका उडू शकतो. हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच हलवून सोडवा, सरळ वर खेचू नका.

जुनी पेस्ट आधी कोरड्या कापडाने उचला, मग अल्कोहोलने पुसा. आजूबाजूच्या बारीक कपॅसिटरमध्ये अडकलेली पेस्ट वीज वाहून नेणारी नसेल तर तशीच राहू द्या. ती कोरून काढायच्या नादात कपॅसिटर उखडण्याचा धोका जास्त. तांब्यावरचे तपकिरी डाग निघाले नाहीत तरी चालेल, पॉलिश पेपर मात्र लावू नका.

ग्राफिक्स मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड अखंड असतील तर त्यांना हात लावू नका. फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्या, ०.५, १ किंवा १.५ मिमी. १ च्या जागी १.५ चा पॅड बसवला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि प्रोसेसर पूर्वीपेक्षा जास्त तापतो. जाडीची खात्री नसेल तर थर्मल पुटी वापरा. ती दाबली जाऊन हवी तेवढी जागा भरते.

लावणं आणि आवळणं

चिप १५ बाय १० मिमी धरली आणि थर ०.१ मिमीचा धरला, तर पेस्ट लागते १५ घन मिमी, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढी. उघड्या चिपचे कोपरे कोरडे राहिले तर तेवढाच भाग तापतो, म्हणून नुसता ठिपका न ठेवता कार्डाने पूर्ण चिपवर सारखा थर द्या. घट्ट पेस्ट पसरत नसेल तर ट्यूब पाच मिनिटं कोमट पाण्यात धरा.

हीटसिंक सरळ खाली ठेवा, ठेवल्यावर सरकवू नका. आता १, २, ३, ४ या क्रमाने आधी सगळे स्क्रू नुसते टेकवा, मग अर्धा-अर्धा आटा. स्क्रू आपोआप अडला की थांबा. पहिल्यांदाच करत असाल तर एकदा उचलून ठसा पाहा. चारही कोपऱ्यांवर पेस्ट दबलेली दिसली की पुसून ताजा थर द्या आणि कायमचं बसवा.

बॅटरी जोडल्यावर बटण दाबूनही मशीन चालू झालं नाही तर घाबरू नका. कित्येक मॉडेल चार्जर लावल्यावरच जागी होतात. फॅन फिरत नसेल तर त्याचं कनेक्टर अर्धवट बसलं आहे. कीबोर्ड बंद असेल तर रिबन केबलचं लॉक पाहा.

पुन्हा तीच दहा मिनिटांची चाचणी, खोलीचं तापमान तेवढंच ठेवून. आता तो कागद काढा. कमाल तापमान पूर्वीइतकंच ९५ दिसलं म्हणून निराश होण्याआधी वॅट बघा. पूर्वी २८ वॅटवर अडकणारं मशीन आता त्याच ९५ अंशांना ४० वॅट ओढत असेल, तर काम उत्तम झालं आहे, कारण प्रोसेसर मिळालेली सगळी सवलत वेगासाठी वापरतो. पीटीएम लावली असेल तर पहिल्या चाचणीचा आकडा सोडून द्या. चार-पाच वेळा तापून निवल्यावर शीट नीट बसते. वॅटही तेवढेच आणि तापमानही तेवढंच असेल, तर बहुतेक वेळा दोष पॅडच्या जाडीत किंवा एखाद्या अर्धवट आवळलेल्या स्क्रूत सापडतो. हीटसिंक पुन्हा उचला आणि ठसा वाचा.