सर्दीच्या गोळीचे वेष्टन आधी वाचा
सर्दीच्या एकाच गोळीत बहुधा तीन औषधे असतात: ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, चोंदलेल्या नाकातील रक्तवाहिन्या आकसवण्यासाठी फिनाइलएफ्रिन आणि शिंका थांबवणारे, पण गुंगी आणणारे क्लोरफेनिरामिन. ताप उतरला नाही म्हणून त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली, तर पॅरासिटामॉलची मात्रा नकळत दुप्पट होते आणि प्रौढांसाठीची दिवसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. नियमित मद्यपान करणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. उच्च रक्तदाब वा काचबिंदू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी घेऊन वाहन चालवू नये. क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिनचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले आहेत.