मोतीबिंदूची लेन्स ठरवण्याआधी टेप काढा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात बसवायच्या लेन्सची मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी), मल्टिफोकल (जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी), टोरिक (डोळ्याच्या असमान गोलाईमुळे येणारा सिलेंडरचा नंबर भरून काढणारी) अशी नावं आणि किमतींचा तक्ता समोर येतो, आणि आपण गांगरून "तुम्हीच ठरवा" म्हणून मोकळे होतो. आईच्या वेळी आम्ही आदल्या रात्री शिवणाची टेप काढली.

१. रोजच्या कामांचं डोळ्यापासूनचं अंतर मोजा. आईची पोथी ३५ सेंमी, तांदूळ निवडणं ५०, टीव्ही ३ मीटर.

२. प्रत्येक कामापुढे "चष्मा चालेल" किंवा "चष्मा नको" लिहा. रात्री गाडी चालवत असाल तर तेही लिहा, कारण मल्टिफोकलमध्ये दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात.

३. कागद डॉक्टरांपुढे ठेवून विचारा, "या लेन्सने यातलं काय काय चष्म्याशिवाय होईल?"

आईला पोथीसाठी आणि तांदळासाठी चष्मा चालणार होता, म्हणून लांबचं दाखवणारी साधी मोनोफोकल पुरली. महाग तीच चांगली, असं काही नसतं. सिलेंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र टोरिकबद्दल जरूर विचारा.

नंतर चष्म्याची घाई नको. नंबर स्थिर व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर डॉक्टरांना विचारून वाचायचा स्वस्त तयार चष्मा वापरा. पांढरे कपडे जरा निळसर दिसू शकतात (आईला वाटलं, नीळ जास्त पडली!), त्याची सवय होते.

पण दुखणं किंवा लाली वाढली, नजर एकदम अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.