पेशंट म्हणतो 'ॲसिडिटी आहे', तेव्हा केस घ्यायची कशी

डॉक्टर म्हणून नवीन पोस्टिंग लागलं की पहिल्या आठवड्यात सगळे एकच चूक करतात, मीही केलीय. पेशंट येतो, म्हणतो ॲसिडिटी आहे, आणि आपण केसपेपरवर तेच लिहून मोकळे होतो. अरे, ते त्याने स्वतःच काढलेलं निदान आहे, त्याला होतंय काय हे त्याने अजून सांगितलंच नाहीये.

म्हणून पहिला प्रश्न हा, 'ॲसिडिटी होते म्हणजे नेमकं काय होतं?' आणि मग गप्प बसा. खरंच गप्प बसा, मध्ये 'जळजळ का?' असं स्वतःच सुचवू नका, कारण पेशंट सज्जन असतो, तो हो म्हणतो. कुठे होतं ते हाताने दाखवायला सांगा, हात पुष्कळ सांगून जातो. छातीच्या मधून हात वर गळ्यापर्यंत नेला, तोंडात आंबट पाणी येतं म्हणाला तर रिफ्लक्सकडे (जठरातलं ॲसिड उलट वर येणं) बघायचं. बेंबीच्या वर मधोमध बोट टेकवलं तर डिस्पेप्सिया (पोटाच्या वरच्या भागातलं अपचन, दुखणं), अल्सर (अस्तराला पडलेली जखम) हे डोक्यात. उजव्या बरगडीखाली दुखतं, मागे पाठीत किंवा खांद्याकडे जातं, दुखायला लागलं की तासभर तरी थांबत नाही, तर पित्ताशय. चार घासात पोट गच्च होतं म्हणणारा वेगळा. आणि घाम फुटलाय, चालल्यावर वाढतं, बसल्यावर कमी होतं असं कोणी म्हणालं तर पोटाची हिस्टरी तिथेच थांबवा, आधी ईसीजी काढा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक पोटाच्या वरच्या भागात दुखणं आणि उलटी घेऊन येतो, ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी गेलेला पेशंट तोच असू शकतो.

पुढे धोक्याच्या खुणा. गिळताना अडकणं, न ठरवता वजन उतरणं, सारख्या उलट्या, रक्त जाणं, ॲनिमिया, पोटात गाठ लागणं, घरात कोणाला जठराचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर. ही यादी सगळ्यांना पाठ असते, घोळ विचारण्यात होतो. मी इंटर्न असताना एका आजोबांना विचारलं 'संडासवाटे रक्त पडतं का', ते ठाम नाही म्हणाले, मी पुढे गेलो. सिनियरने फक्त विचारलं 'संडासचा रंग कसा असतो?' तर म्हणाले काळी, डांबरासारखी चिकट, आठवडा झाला! रक्त म्हणजे लाल हे त्यांच्या डोक्यात, चूक माझ्या प्रश्नाची. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथनेही (पोटाच्या काही औषधांत असतो) काळी होते पण ती तशी चिकट नसते, तो विशिष्ट घाण वासही नसतो. शंका असेल तर गुदद्वारात बोट घालून तपासा, लाजू नका.

गोळ्यांचंही तसंच. 'काही औषध चालू आहे का' म्हटलं की नाही, कारण पेनकिलरला कोणी औषध मानतच नाही. 'गुडघे दुखले, डोकं दुखलं तर काय घेता' असं विचारा. बहुतेक पेनकिलर प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन कमी करतात, जठराचं अस्तर सांभाळणारा म्युकस आणि रक्तपुरवठा त्याच्यावरच चालतो, त्यामुळे आधी काहीच न दुखता अल्सर होऊ शकतो आणि पहिली खूण थेट रक्तस्राव असते. रक्त पातळ करायची गोळीही वेगळी विचारा.

तपासताना गुडघे दुमडायला लावा, आधी नीट बघा, मग ऐका, मग हात लावा, आणि दुखरी जागा शेवटी. नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर ठेवा. डोळ्यांत फिकेपणा आणि कावीळ बघायला विसरू नका, बाकी साध्या डिस्पेप्सियात हाताला फारसं काही लागत नाही.

आता पुढे काय. अमेरिका-कॅनडाच्या 2017 च्या गाइडलाइनमध्ये वय 60 किंवा वर असेल तर एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी), त्याखाली असेल तर आधी एच पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट, सापडला तर ट्रीटमेंट. जिथे जठराचा कॅन्सर जास्त आहे तिथे वयाची मर्यादा खाली आणतात, आणि धोक्याच्या खुणा पक्क्या असतील तर वय कितीही असो, दुर्बीण लांबवू नका. वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना याच जंतूच्या शोधासाठी 2005 मध्ये नोबेल मिळालं. मार्शलने 1984 मध्ये स्वतःच त्या जंतूचं कल्चर (वाढवलेले जंतू) प्यायलं होतं हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, पण ब्रेथ टेस्ट (श्वासाची) किंवा स्टूल अँटिजेन (संडासची) या जंतूच्या टेस्टच्या आधी पीपीआय (ॲसिड कमी करणारी गोळी) 2 आठवडे आणि अँटिबायोटिक 4 आठवडे बंद हवं हे मात्र निम्म्यांना आठवत नाही, मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. कोर्स संपल्यावर जंतू गेला का हे किमान 4 आठवड्यांनी परत तपासायचं असतं, आणि ती चिठ्ठी आपणच द्यायची.

पीपीआय लिहिताना 'रोज एक' एवढंच लिहू नका. जेवणाच्या 30 ते 60 मिनिटं आधी असं लिहा आणि तोंडानेही सांगा, कारण ते जठरात ॲसिड सोडणाऱ्या चालू पंपांनाच बंद करतं आणि पंप चालू होतात खाल्ल्यावर. गोळीचा उपयोग नाही म्हणून परत आलेल्या कितीतरी जणांची गोळी बरोबर असते, वेळ चुकलेली असते, ती झोपताना घेतलेली असते. डोस वाढवायच्या आधी हे विचारा. 4 ते 8 आठवड्यांनी परत बोलवा, बरं वाटत असेल आणि चालू ठेवायचं ठोस कारण नसेल तर बंद करा, फक्त सांगून ठेवा की सुरुवातीला थोडे दिवस जळजळ उलट वाढू शकते, नाहीतर पेशंट चौथ्या दिवशी स्वतःच परत चालू करतो आणि मग पुढची कित्येक वर्षं घेत राहतो.