फोर्ट मेकनला जाताय? आधी किल्ला, मग समुद्र

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला फोर्ट मेकन हा पाच कोनी विटांचा किल्ला 1826 ते 1834 दरम्यान बांधला गेला. 1924 साली राज्याने तो अवघ्या एका डॉलरला घेतला आणि आज तिथे सार्वजनिक उद्यान आहे. किल्ला पाहायला तिकीट नाही, त्यामुळे लोक पाच मिनिटांत आत-बाहेर करून किनाऱ्याकडे पळतात. तसं करू नका.

आत शिरण्याआधी खंदकाच्या बाजूने सावकाश फिरा. अमेरिकेच्या यादवी युद्धात 25 एप्रिल 1862 ला युनियन, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या, सैन्याच्या तोफांनी इथे भडिमार केला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्यातल्या काही तोफांच्या नळीला आतून पीळ होता, म्हणून गोळा फिरत जायचा आणि नेम अचूक बसायचा. विटांच्या भिंती त्यापुढे टिकणं अवघड होतं. हे डोक्यात ठेवून भिंती पाहिल्या की किल्ला खरा कळतो. भिंतींवर मात्र चढू नका, जुनी वीट चटकन झिजते.

पोहायचं असेल तर नेमून दिलेल्या किनाऱ्यावरच. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीची ओढ फार जबर असते, मुलांना तिथे पाण्यात अजिबात सोडू नका.