गोव्यात फॉक्स हंट: कोल्हा लपवायचा कसा, हुडकायचा कसा

हॅम रेडिओ (हौशी रेडिओ) क्लबच्या नेटवर, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीत, आठवड्याला हजेरी देऊन गप्प होणाऱ्या मंडळींना घराबाहेर काढायचं तर फॉक्स हंटसारखा दुसरा उपाय नाही. एक लहान ट्रान्समीटर कुठेतरी लपवायचा, तो म्हणजे कोल्हा. बाकीच्यांनी दिशा दाखवणारी अँटेना घेऊन त्याचा माग काढायचा. लांबून दिशा पकडणं बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती शेवटच्या दीडदोनशे मीटरांत, जिथे सिग्नल इतका जोरात येतो की हँडसेटला (हातातल्या रेडिओला) आठही दिशा सारख्याच वाटतात. म्हणून खाली सिग्नल कमी करण्याच्या युक्त्यांवर मुद्दाम जास्त वेळ घालवला आहे.

फ्रिक्वेन्सी आधी ठरवा

आपल्याकडे २ मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्यात १४४.३९० वर एपीआरएस (ठावठिकाणा आणि छोटे संदेश पाठवणारी डिजिटल पद्धत) चालतं, १४५.५०० ही कॉलिंग फ्रिक्वेन्सी आणि १४५.८०० पासून वर उपग्रहांची जागा, तिथेच अंतराळ स्थानकही बोलतं. ही ठिकाणं आणि जवळच्या रिपीटरची (सिग्नल झेलून पुढे पाठवणाऱ्या केंद्राची) इनपुट-आउटपुट वगळून आधी आठवडाभर ऐकून पाहा. पुढच्या उदाहरणांसाठी १४५.३०० धरू. शिकाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी दुसरी फ्रिक्वेन्सी हवीच. कोल्ह्यावर कोणी बोलू लागलं की सगळे त्या बोलणाऱ्याच्या मागे लागतात.

कोल्हा हे हॅम स्टेशनच आहे. प्रत्येक प्रक्षेपणात कॉलसाइन (परवान्यावरची ओळखखूण) गेली पाहिजे आणि जबाबदारी एका परवानाधारकाने घेतली पाहिजे. आपल्या परवान्यात घराबाहेरून स्टेशन चालवण्याबद्दल काय लिहिलं आहे ते त्याने आधी वाचून घ्यावं.

टेपची यागी

स्टीलच्या मोजपट्टीची तीन एलिमेंटची (आडव्या पट्ट्यांची) यागी, म्हणजे दिशा दाखवणारी अँटेना, जगभरचे हॅम या कामासाठी वापरतात. झाडीतून जाताना पट्टी वाकते आणि लगेच सरळ होते, ॲल्युमिनियमचा पाइप कायमचा वाकतो. सामान: ५ मीटरची एक स्टीलची मोजपट्टी (१९ मिमी रुंदीची चालते, २५ मिमीची जास्त ताठ राहते), अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप एक मीटर, दोन क्रॉस, एक टी, आठ होज क्लिपा, आरजी-५८ केबल दीड मीटर आणि जाड तांब्याची तार.

पट्टी कात्रीने कापा. पत्र्याची कात्री नसेल तर जुनी स्वयंपाकघरातली चालेल, पण ती परत स्वयंपाकघरात नेऊ नका. रिफ्लेक्टर (मागची पट्टी) १०६ सेंमी, डायरेक्टर (पुढची) ९० सेंमी आणि मधल्या एलिमेंटचे दोन तुकडे प्रत्येकी ४५.५ सेंमी. या दोन तुकड्यांमध्ये अडीच सेंमी फट राहते. रिफ्लेक्टरपासून मधलं एलिमेंट २०.५ सेंमीवर, तिथून पुढे डायरेक्टर ३२ सेंमीवर. ही मापं पट्टीच्या मध्यापासून पट्टीच्या मध्यापर्यंतची आहेत, पाइपच्या तुकड्याची नाहीत. फिटिंगच्या आत पाइप किती जातो ते मोजून मगच पाइप कापा, नाहीतर प्रत्येक सांध्याला दोनतीन सेंमीचा घोळ होतो. कापलेले कोपरे गोल करून वर इन्सुलेशन टेप लावा, कडा ब्लेडसारख्या असतात.

सोल्डरिंगला खरी मेहनत आहे. पट्टीचा रंग पॉलिशपेपरने पूर्ण खरवडून धातू चकाकला पाहिजे. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने स्टील तापत नाही, ६० वॅटचं घ्या, फ्लक्स सढळ लावा आणि आधी नुसत्या पट्टीवर सोल्डरचा थर चढवून घ्या. मग केबलची मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. दोन्हींच्या मध्ये हेअरपिन: साधारण १२.५ सेंमी तार, यू आकारात वाकवलेली, दोन पाय दोनेक सेंमी अंतरावर. ती नसेल तर अँटेनाचा इंपिडन्स ५० ओहमला जुळत नाही. इथल्या खाऱ्या हवेत खरवडलेली जागा आठवड्याभरात गंजते. सोल्डर गार झाल्यावर त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या.

केबल बूमच्या (मधल्या पाइपच्या) कडेने मागे, रिफ्लेक्टरच्या पलीकडे न्या आणि फीड पॉइंटजवळ, म्हणजे केबल पट्टीला जोडली तिथे, दोनतीन क्लिप-ऑन फेराइट चढवा. ते वगळलं तर केबलची जाळीही अँटेना होऊन बसते आणि मागची शांत बाजू शांत राहत नाही. बूमचे सांधे चिकटवू नका. एकेक स्क्रू पुरे, मग अँटेना सुटी करून स्कूटरच्या डिकीत मावते. हँडसेटचा एसएमए (अँटेना लावायचा) सॉकेट नाजूक असतो, जड केबल थेट त्याला लटकवू नका. मध्ये पातळ केबलचा हातभर तुकडा ठेवा.

तपासणी मोकळ्या जागेत करा. एकाने शंभर मीटरवर उभं राहून लो पॉवरवर प्रक्षेपण करायचं, दुसऱ्याने अँटेना एक पूर्ण फेरी फिरवायची. पुढे एक रुंद जोर आणि मागे एक ठळक पडझड मिळाली पाहिजे. जोर बूमच्या रेषेत न येता तिरका आला तर समजा, केबलची वाट चुकली आहे किंवा मधल्या एलिमेंटचा एक सांधा सुटला आहे.

कोल्हा

लो पॉवरवर, म्हणजे एक वॅट किंवा त्याहून कमी, ठेवलेला साधा हँडसेट आणि त्याचं पीटीटी (बोलायचं बटण) दाबणारा आर्डुइनो नॅनो हा चिमुकला कंट्रोलर, एवढ्यात काम होतं. नॅनोने ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलरमधून पीटीटी ओढायचं, कॉलसाइन मोर्समध्ये द्यायची, मग टोन. नवख्यांसाठी ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद. जुनी मंडळी असतील तर २० सेकंद चालू आणि १०० सेकंद बंद, तेव्हा खरी मजा येते.

इथला नेहमीचा बिघाड म्हणजे पीटीटी अडकणं. हँडसेटचाच आरएफ (रेडिओ सिग्नल) पीटीटीच्या तारेत शिरतो, नॅनो गोंधळतो आणि कोल्हा सलग ओरडत राहतो, बॅटरी संपेपर्यंत किंवा फायनल (प्रक्षेपणाचा शेवटचा ट्रान्झिस्टर) जळेपर्यंत. तारेवर फेराइट, नॅनोच्या टोकाला १ नॅनोफॅरड कपॅसिटर जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला), आणि हँडसेटच्या मेनूतला टाइमआउट टायमर ६० सेकंदांवर, या तिन्ही गोष्टी करा. व्हॉक्स (आवाज आला की आपोआप प्रक्षेपण) बंद ठेवा. रबरी अँटेना जमिनीलगत फारच कमजोर पडते. ४९ सेंमीची तार उभी आणि तेवढीच एक तार खाली काउंटरपॉइझ म्हणून सोडली की फरक कानांना कळतो.

डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: हॅम रेडिओचा खेळ, क्लबचं नाव, कॉलसाइन, जबाबदार माणसाचा फोन. त्या भागातल्या पोलीस स्टेशनला आदल्या दिवशी कळवा. तारा बाहेर आलेला, पीं पीं करणारा बेवारस डबा बघून लोकांना काय वाटेल ते सांगायला नको. दाबोळी आणि मोपा विमानतळ, नौदलाच्या जागा, मुरगाव बंदर, बसस्टँड यांच्या आसपासही फिरकू नका. किल्ल्यांचा मोह होतो, पण ते संरक्षित आहेत. परवानगी नसेल तर सोडून द्या. भाटात (खासगी बागायतीत) ठेवायचा तर भाटकाराला, म्हणजे मालकाला, विचारा, त्याच्या कुत्र्यांचीही चौकशी करा.

जागा निवडताना

पहिल्या शिकारीला सडा उत्तम. उघडा कातळ, झाडी खुरटी, सिग्नल सरळ येतो. पण चिऱ्यांच्या ढिगात किंवा दगडी गडग्याच्या फटीत डबा ठेवू नका, फुरशाची तीच आवडती जागा आणि शोधणारा हात आधी तिथेच घालतो. आंबा-काजूच्या फांदीवर ठेवण्याआधी हुमल्यांची (झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची) घरटी बघा.

खाजनातले (खाडीकाठच्या सखल शेतीतले) बांध दिशा घ्यायला छान, चहूबाजूंनी मोकळे. कुळागरात (पोफळीच्या बागेत) कोल्हा ठेवला तर दाट ओल्या झाडीत सिग्नल बराच मुरतो. अवघड शिकारीसाठी ते ठीक.

पणजीच्या आसपास नदीचं भान ठेवा. आल्तिनोच्या आडोशाला ठेवलेल्या कोल्ह्याचा सिग्नल पर्वरीच्या उतारावर आपटून परत येऊ शकतो, आणि शिकारी पूल ओलांडून भलत्याच काठावर पोचतो. मांडवीतले कॅसिनो आणि बार्ज म्हणजे तरंगत्या लोखंडी भिंतीच. बार्ज पुढे सरकली की सिग्नल लहरत खालीवर होतो, तेव्हा ती निघून जाईपर्यंत घेतलेली दिशा कागदावर उतरवू नका. हद्द आखताना चोडण-दिवाडीसारखी फेरीबोटीची वाट मध्ये येऊ देऊ नका. नाहीतर शिकार रेडिओची न राहता फेरीच्या रांगेची होते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात दुपारनंतर ढग गडगडू लागले की सड्यावर अँटेना उंच धरून उभं राहण्यात शहाणपण नाही.

माग काढताना

कोल्ह्याची तार उभी असेल तर यागीचे एलिमेंटही उभे धरा. अँटेनाचा जोर रुंद असतो, त्यामुळे ‘सर्वांत मोठा सिग्नल’ शोधू नका. डावीकडे फिरवत हँडसेटच्या मीटरवर सिग्नल एक पट्टी पडतो तो कोन घ्या, उजवीकडे तसाच घ्या, आणि दोहोंचा मध्य धरा. मग मागची पडझड बरोबर उलट्या दिशेला येते का ते पाहा. येत नसेल तर तुम्ही परावर्तित सिग्नल पकडला आहे. वीसतीस पावलं सरकून पुन्हा घ्या.

होकायंत्र वापरताना एक फसगत ठरलेली. मोजपट्टी लोखंडी आहे, हँडसेटच्या स्पीकरमध्ये चुंबक आहे, स्कूटर तर लोखंडाचीच. दिशेच्या रेषेत दूरचं माड किंवा टॉवर हेरा, अँटेना आणि हँडसेट खाली ठेवा, पाचसहा पावलं बाजूला जाऊन मग त्या खुणेचा कोन मोजा. फोनचा कंपासही याला अपवाद नाही. गोव्यात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक जेमतेम अंशभर, तो सोडून द्या. दहा अंशांची चूक मात्र तीन किलोमीटरवर अर्धा किलोमीटर होते. त्यामुळे पहिल्या दोन रेषा एकमेकींना काटकोनाच्या आसपास छेदतील अशा जागांवरून घ्या. एकाच रस्त्यावर पुढेमागे उभं राहून घेतलेल्या दोन रेषा जवळजवळ समांतर जातात आणि नकाशावर काहीच सांगत नाहीत. स्कूटरच्या मागे बसून चालत्या गाडीवर अँटेना फिरवू नका, पट्टी चालवणाऱ्याच्या तोंडावर येते.

जवळ आलात, सगळ्या पट्ट्या भरल्या, की पुढचे उपाय क्रमाने. हँडसेट पाच, मग दहा किलोहर्ट्झ बाजूला लावा. मग तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट जागी येणारा सिग्नल) ऐका: १४५.३०० च्या तिप्पट ४३५.९००, तिथे तोच कोल्हा कितीतरी कमजोर येतो आणि फक्त जवळ असतानाच ऐकू येतो. अँटेना काढून हँडसेट छातीशी धरा आणि जागच्या जागी गोल फिरा. सिग्नल सर्वांत पडतो तेव्हा कोल्हा तुमच्या पाठीमागे.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ऑफसेट ॲटेन्युएटर, अँटेना आणि हँडसेटच्या मध्ये लावायची सिग्नल कमी करणारी डबी. साधा ॲटेन्युएटर एका टप्प्यानंतर निकामी होतो, कारण हँडसेटच्या प्लॅस्टिकच्या कवचातून सिग्नल थेट आत शिरतो. ऑफसेटमध्ये ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर कोल्ह्याच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि आपण १४९.३०० वर ऐकतो. कवचातून शिरणारा १४५.३०० त्या जागी त्रास देत नाही. ॲल्युमिनियमच्या डबीत: ९ व्होल्टची बॅटरी, ७८एल०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर), ऑसिलेटर मॉड्यूल. त्याचं आउटपुट ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटरमधून १ किलोओहमच्या पोटेंशिओमीटरच्या (पॉटच्या) एका टोकाला, दुसरं टोक जमिनीला, मधला पाय १एन४१४८ डायोडमधून सिग्नलच्या तारेला. सिग्नलची तार एका बीएनसीतून (केबलच्या सॉकेटमधून) अँटेनाकडून येते, दुसऱ्यातून हँडसेटला जाते. डायोडच्या डीसीचा मार्ग हेअरपिनमधून पूर्ण होतो, त्यामुळे डबी या यागीबरोबरच वापरा. पॉट कमी करत जायचं, कोल्हा जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवायचा. ऑसिलेटरचे स्वतःचे हार्मोनिक दर ४ मेगाहर्ट्झवर पडतात, १४४ आणि १४८ वरही. म्हणून कोल्हा १४४.००० जवळ ठेवला तर ही डबी स्वतःच्याच आवाजाचा पाठलाग करते. निघण्याआधी १४९.३०० वर दुसरी कसली सेवा नाही ना, ते ऐका. आणि हँडसेटचं पीटीटी लॉक करा; चुकून दाबलं गेलं तर डायोड आणि पॉट दोन्ही जातात.

वेळ आणि निकाल

दोन तासांची मर्यादा बरी. एका वॅटला, तिसरा हिस्सा वेळ प्रक्षेपण धरलं, तर १५०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी पाचेक तास पुरते, तरी सुटी बॅटरी सोबत ठेवा. डब्याला सहीचा कागद आणि पेन्सिल बांधा, पेन दमट हवेत फसवतं. सापडल्यावर सही करून वेळ लिहायची आणि दुसऱ्यांना कळणार नाही अशा वाटेने परतायचं. गाडीवरच्या शिकारीत फक्त वेळ धरू नका, किलोमीटरही मोजा. नुसत्या वेळेवर निकाल लावला की लोक पर्वरीच्या रस्त्यावर शर्यत लावतात. वेळ संपली की कोल्हा बंद करून ते बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवर तीनदा जाहीर करा आणि प्रत्येक जोडीची पोच घ्या, नाहीतर एखादी जोडी संध्याकाळपर्यंत खाजनात अँटेना फिरवत राहते.